वरवंट्यावर पारखलेला कॅमेरा

मित्रांनो, बीडजवळच्या पालीच्या रवि गुरुजींच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर एक कापडी पिशवी आहे. तिच्यात गुंडाळून ठेवलेला काळा डीएसएलआर कॅमेरा म्हणजे मी. अंगावरचं रबर चिकट झालंय, एका कोपऱ्याचा पोपडा गेलाय. कंपनीनं हौसेनं छापलेलं माझं नाव आता बोटं लागून लागून पुसत आलंय. पण तुम्ही लेकरं आलाच आहात तर बसा. कीर्तनाला उशिरा आलेल्यालाही सतरंजीवर जागा मिळतेच.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी माझ्या पोटात एक आरसा बसवला. बटण दाबलं की तो टुणकन वर उडतो, मागचा पडदा उघडतो आणि समोरचा उजेड आत येऊन उमटतो. एवढंच माझं काम. पूर्वी असा कॅमेरा बीडकडे यायचा तो कुणाच्या तरी दुबईच्या पाहुण्याच्या बॅगेतून. मग देशाची दारं उघडली, बाहेरचा माल खोक्यांनी यायला लागला, आणि २००७ साली मीही बीडला बसस्टँडमागच्या गल्लीत सतीशच्या दुकानात काचेआड येऊन बसलो.

मला घरी का आणलं, ते सांगताना आजही जीव थोडा जड होतो. रवि गुरुजी आणि शिवकन्या यांना आधी एक मुलगी झाली होती. गुरुजींच्या आई शांतादेवी यांचा नेम असा, की जावळ निघेपर्यंत लेकराचा फोटो काढायचा नाही, आयुष्य कमी होतं. सगळ्यांनी ऐकलं. जावळाचा दिवस ठरला. त्याच्या पंधरा दिवस आधी, आठ महिन्यांची ती पोर तापानं गेली. मागे तिची दोन झबली राहिली, एक वाळा राहिला. फोटो एकही नाही. शिवकन्या सासूला एका शब्दानं बोलली नाही. फक्त एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, मला तिचं तोंड आठवंना झालंय."

ते वाक्य शांतादेवींच्या काळजात जाऊन बसलं.

तीन वर्षांनी श्रावणात शिवानी जन्मली. गावात सप्ताह चालू होता. शांतादेवी कीर्तन कधी चुकवत नसत. त्या दिवशी आरती झाली, प्रसाद झाला, तरी त्या बसूनच राहिल्या. गर्दी पांगल्यावर महाराजांच्या पाया पडून त्यांनी विचारलं, "महाराज, फोटो काढल्यानं लेकराचं आयुष्य घटतं का?"

महाराज हसले. म्हणाले, "माय, देवाचे फोटो घरोघर भिंतीला हायेत. देवाचं आयुष्य घटलं का?"

"न्हाई."

"मग त्याच्याच लेकराचं कावून घटंल?"

शांतादेवी घरी आल्या त्या डोळे पुसतच. दारातूनच म्हणाल्या, "रवि, कॅमेरा आणायचा. पण त्यो चकाका मारायचा न्हाई. लेकरू दचकतं."

चकाका म्हणजे फ्लॅश. झालं! फ्रिज घ्यायचं ठरलं होतं, ते मागे पडलं, आणि फ्लॅशशिवाय घरात लेकराचा फोटो काढणारा कॅमेरा शोधायला मायलेक बीडला निघाले.

मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. काउंटरवर आम्ही तिघे मांडलेलो होतो. एक चांदीच्या रंगाचा चपटा छोटा कॅमेरा, एक हातभर लांब झूमवाला, आणि मी. सतीशनं माझ्याशेजारी आणखी एक वस्तू ठेवली. डबीएवढी, प्लॅस्टिकची, हलकी लेन्स.

"गुरुजी, ही बी बघा. हिला झूम न्हाई, पण उजेड लई घेती."

"झूम न्हाई? मग ती घ्यायची कावून?" गुरुजींनी ती बाजूला सारली. माझ्या तोंडावर खोक्यातलीच झूमची लेन्स राहिली.

मग शांतादेवींनी पिशवीतून कुंची घातलेलं एक गाठोडं काढलं आणि काउंटरवर अलगद ठेवलं.

"मावशी, हे काय?"

"लेकरू."

सतीशनं कुंची वर केली आणि दोन पावलं मागं सरकला. "आवो, हा तर वरवंटा हाय!"

"बारशाला याचंच लेकरू करून पाळण्याच्या वरून-खालून फिरवत्यात का न्हाई? सव्वा महिना व्हायचाय, खरी नात घराबाहेर कशी आणू? ही माझी नात हाय असं समज. आता दिवे बंद कर."

"दिवे कावून बंद?"

"आमच्या घरी तुझ्यावानी दहा ट्यूबा जळत न्हाईत बाबा. दिवस मावळायला लाईट जाती. तिथं ह्याला दिसंल का, ते बघायचंय."

सतीशनं सगळे दिवे घालवले. दुकानात दारापुरता उजेड उरला. "मावशी, नात लई गुणी हाय. रडत न्हाई."

"हो, आणि वजनानं आजोबांवर गेलीय," गुरुजी म्हणाले. शांतादेवींनी लेकाला कोपरानं ढोसलं, पण हसू त्यांनाही आवरलं नाही.

आम्ही तिघांनी वरवंट्याचे फोटो काढले. चपट्याचा फोटो काळा मिट्ट आला. लांब तोंडवाल्याला एवढ्या जवळचं काही दिसेचना. माझ्या फोटोत कुंचीची झालर, वरवंट्यावरचे टाकीचे घाव, सगळं लख्ख उमटलं. शांतादेवी म्हणाल्या, "ह्यालाच घ्या. दगूड सुद्धा गोंडस दिसायलाय." माझी छाती फुगली. खोटं कशाला बोलू?

पण माझा गर्व पहिल्याच संध्याकाळी उतरला. पाळण्यातल्या शिवानीचा फोटो काढला तो नुसता धूर. दुसरा काढला, त्यात तिला चार हात. अंधारात माझा पडदा जास्त वेळ उघडा राहत होता, आणि तेवढ्यात ती कधी मूठ हलवायची, कधी मान वळवायची. माझ्यासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक गुरुजींनी दोनदा वाचलं. "माझाच हात थरथरतोय," असं म्हणून ते श्वास रोखायचे, कोपर भिंतीला टेकवायचे. महिना गेला, दीड महिना गेला. शिवानी दिवसागणिक जास्तच हातपाय झाडू लागली आणि फोटो जास्तच पुसट येऊ लागले. शिवकन्या रोज म्हणायची, "असू द्या, उद्या येईल."

दसरा झाला आणि एका दुपारी शिवानीला ताप भरला.

डॉक्टरांनी तपासलं. सर्दीचा ताप आहे, औषध द्या, घाबरू नका, म्हणाले. पण त्या घरानं ताप बघितलेला होता. शिवकन्या लेकीला मांडीवर घेऊन बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "आत्ता काढा फोटो."

"अगं, ती बरी होऊ दे..."

"आत्ता काढा."

आभाळ भरून आलेलं, लाईट गेलेली. गुरुजींनी चाळीस फोटो काढले. माझा आरसा चाळीस वेळा उडाला. मी माझ्या परीनं डोळे फाडून बघत होतो, मित्रांनो. ताप आलेली ती पोर कण्हत होती, मान इकडून तिकडे टाकत होती. चाळीसही फोटो पुसट. शिवकन्येनं माझ्या पाठीवरच्या चिमुकल्या पडद्यावर ते एकेक करून बघितले. शेवटचा बघून ती एवढंच म्हणाली, "हिचं पण तोंड न्हाई राहणार."

शांतादेवी एकदम उठून उभ्या राहिल्या.

"रवि, आपुन चुकलो. आपुन दगडावर पारखलं. दगूड कुठं हातपाय झाडतोय?"

त्यांनी मला पिशवीत घातलं, डोक्यावरून पदर घेतला आणि रस्त्यावर येऊन काळीपिवळी जीप थांबवली. बाई एकट्या कधी बीडला गेल्या नव्हत्या. सतीशच्या दुकानात शिरल्या त्या घामाघूम होऊन.

"ती डबीएवढी लेन्स दे."

"मावशी, तिला झूम..."

"नसू दे. हलणाऱ्या लेकराचा फोटो येतो का तिनं, तेवढं सांग. आणि खरं सांग."

सतीशनं ती लेन्स माझ्या तोंडावर बसवली, दिवे घालवले आणि स्वतःचा हात शांतादेवींसमोर जोरजोरात हलवत म्हणाला, "दाबा बटण." शांतादेवींनी आयुष्यात पहिल्यांदा बटण दाबलं. पडद्यावर सतीशची पाच बोटं आली. मोजून पाच. एका बोटातली अंगठीसुद्धा दिसत होती. त्या नव्या लेन्सचा डोळा मोठा होता. तिच्यातून उजेड असा भरभरून आत आला, की माझा आतला पडदा क्षणात मिटला आणि हलणारा हात जागच्या जागी धरला गेला.

सतीश ओशाळला. "मावशी, मी त्याच दिवशी अडवायला पायजे होतं. वरवंट्याच्या नादात मी बी फसलो."

आम्ही घरी पोचलो तेव्हा ताप तसाच होता. गुरुजींनी मला हातात घेतलं, पण शिवकन्या नको म्हणाली. औषध पोटात गेलं होतं, लेकराचा आत्ताच डोळा लागला होता. ती रात्रभर बसून राहिली. सकाळी शिवानीचं कपाळ गार लागलं. शांतादेवींनी महादेवापुढे निरांजन लावलं. शिवकन्येनं लेकीला पूर्वेच्या खिडकीपाशी नेलं, गुरुजींनी मला डोळ्याला लावलं. शिवानीनं जांभई दिली, मूठ तोंडात घातली आणि दोन्ही पाय झाडले.

खटक्.

शिवकन्येनं पडद्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघतच राहिली. मग बोटानं पडद्यावरची भुवई दाखवत म्हणाली, "आत्याबाई, बघा. थोरलीची भुवई अशीच व्हती. अशीच, टोकाला वर वळलेली. आठवलं मला."

शांतादेवींना ते दिसलं का, मला माहीत नाही. त्यांचे डोळे भरलेले होते.

त्यानंतरची वर्षं माझ्या भरभराटीची. 'गुरुजींचा कॅमेरा लेकरांना रडवत न्हाई' अशी गावभर कीर्ती झाली. भामाबाई आपल्या जुळ्या नातवांना घेऊन आल्या. त्यातला एक माझ्याकडे बघून असा काही शिंकला, की भामाबाई म्हणाल्या, "गुरुजी, शिंकेचा बी फोटो काढा, ती बी त्याच्या बापावर गेलीय!" मी शाळेतली गॅदरिंगं बघितली, सप्ताहाचा मंडप बघितला. कीर्तन रंगात आलं, की टाळ धरलेली छोटी पोरं डोळे मिटून डोलायची. चकाका न मारता त्यांना टिपताना मला वाटायचं, मीही आता टाळकऱ्यांत उभा आहे.

मग मोबाइल आले. मी फळीवर गेलो. पहिल्या वर्षी सणावारी मला खाली काढायचे, मग तेही राहिलं. पावसाळ्याची ओल लेन्समध्ये शिरली, काचेवर बुरशीची बारीक जाळी धरली. राग कुणावर धरू? ज्या लेकीसाठी मला आणलं, ती मोठी होत होती, हे फळीवरूनही ऐकू यायचं.

सोळा वर्षं झाली. शिवानी अकरावीला लातूरला निघाली. ट्रंक भरताना तिला आईचा एक फोटो हवा होता. तिनं घरातले सगळे फोटो उपसले. शिवानी पाळण्यात, शिवानी रांगताना, आज्जीच्या मांडीवर, आजोबांच्या खांद्यावर. शेकडो फोटो. आई कुठेच नाही. आई उजेडासाठी खिडकीचा पडदा बाजूला धरून उभी होती, खुळखुळा वाजवत होती, माझ्या पाठीमागून 'इकडं बघ गं माय' म्हणत होती. मोबाइलमध्ये होती, पण लग्नांतल्या दहाजणींच्या घोळक्यात, तीही अर्धी.

मित्रांनो, इतकी वर्षं मी स्वतःला मोठा बघणारा समजत होतो. त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

शिवानीनं मला खाली काढलं. मऊ फडक्यानं पुसलं. सतीशकडे जाऊन नवी बॅटरी आणली, लेन्स साफ करून घेतली. "आई, बस इथं."

"माझा काय फोटो काढतीस? कणीक भिजवलीय मी."

"कणकीसकट बस."

माझा आरसा पहिल्यांदा अडखळला. दुसऱ्यांदा उडाला. शिवकन्या हसत होती, मनगटापर्यंत पिठानं माखलेले हात मांडीवर होते. फोटो कागदावर काढून घेतला आणि शिवानीनं तो ट्रंकेत, कपड्यांच्या सगळ्यात वर ठेवला.

तर लेकरांनो, मला अधूनमधून कोरड्या हवेत ठेवा, ओलीपासून जपा, एवढं माझ्यासाठी करा. आणि आज घरी गेल्यावर फोटोंचा डबा उघडून बघा, त्यात कोण नाही ते. जी नसेल, ती बहुतेक आत्ता तुमच्याचसाठी कामात असेल. तिला हाक मारा. ती म्हणेल, "थांब, आले."

तेवढं थांबा.