उताराचा रकाना

लोणारात डोंगर चढण्याचा सराव करायचा तर आधी खाली उतरावं लागतं. विवर सुमारे दीडशे मीटर खोल आहे. काठावर जीप उभी करायची, पायवाटेनं तळाशी जायचं, कमळजा देवीच्या देवळापाशी पाच मिनिटं टेकायचं आणि मग घड्याळ लावून वर यायचं. बीबी गावची पाच माणसं नोव्हेंबरपासून आठवड्यातल्या तीन सकाळी हेच करत होती. बीबीच्या आसपास दुसरा चढ नव्हता. संघातले जानराव त्याला उलटा डोंगर म्हणत.

नाशिकच्या एका संस्थेनं जानेवारीअखेर कळसूबाईची चढाई ठेवली होती. पाच जणांचा एक संघ. ज्या संघातले पाचही जण शिखर गाठून दुपारी तीनच्या आत पायथ्याशी परत येतील, त्यांच्या गावच्या दवाखान्याला संस्था डायलिसिसचं मशीन देणार होती. चारच आले तर नाही. बीबीत त्यासाठी खोली तयार होती. पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसली होती, मशीन चालवणारी परिचारिका प्रशिक्षण घेऊन आली होती. मशीन तेवढं नव्हतं.

संघातली सगळ्यात हळू माणूस म्हणजे धम्मशीला मोरे. वय बावन्न, अंगणवाडी सेविका. तिचा नवरा प्रेमानंद पोस्टातून निवृत्त झाला आणि सहा महिन्यांत त्याच्या किडन्यांनी काम सोडलं. दोन वर्षांपासून मंगळवारी आणि शुक्रवारी ती त्याला जालन्याला नेत होती. पहाटेची बस, चार तास मशीनवर, संध्याकाळची बस. एका दिवसाचा थकवा उतरायला दोन दिवस लागत, तोवर पुढचा वार येई. सराव सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी असे. शनिवारी तिचे पाय शुक्रवारचेच असत.

प्रेमानंदला याची गंमत वाटे. ती बूट घालू लागली की तो खाटेवरून विचारी, "डोंगर चढून राह्यली, का मले सोडून पळून राह्यली?" ती म्हणे, पळाले असते तर एवढी हळू गेले नसते.

सराव भागवत सर घेत. ते शाळेतले निवृत्त व्यायामशिक्षक, एकोणसाठ वर्षांचे, अंगानं सडसडीत आणि बोलण्यात काटकसरी. त्यांच्याजवळ शंभर पानी वही होती. प्रत्येक पानावर तारीख, पाच नावं आणि पुढे एकच रकाना: चढ. त्यात मिनिटं आणि सेकंद. उतरताना सगळे गप्पा मारत, मोर दिसला तर थांबत. तळाशी पोचल्यावर सर शिट्टी वाजवत आणि तिथून काम सुरू होई. वर आलं की संपलं. जीपमध्ये जानरावांच्या घरचा चहा असे.

सरांचा चढ सगळ्यांत जलद होता. औषधाच्या दुकानातली संजीवनी आणि तिचे दीर रामराव मधले. हळदीचे शेतकरी जानराव चौथे, आणि बरंच मागून धम्मशीला. "ताई," जानराव कपातला चहा तिच्यापुढे धरून म्हणत, "तुमी वर येईलोक ह्यो दोनदा निवला." ती तो निवलेला चहा पिई.

डिसेंबरात करिष्मा येऊ लागली. कॉलेजात शिकणारी, एकोणीस वर्षांची, राखीव म्हणून घेतलेली. पहिल्याच दिवशी ती रामरावांच्या पुढे गेली. वहीत आता सहा नावं होती आणि संघ पाचाचा होता. धम्मशीलाला ते वाचता येत होतं.

यादी नाशिकला सोमवारी पाठवायची होती. त्याआधीच्या रविवारी एकदा खऱ्या डोंगरावर जाऊन पाहू, असं सरांनी ठरवलं. त्यांची बहीण जनकाबाई वरवट बकालला दिलेली. तिथून सातपुड्याचे डोंगर जवळ. शनिवारी सगळे तिच्याकडे मुक्कामाला गेले. जनकाबाईंनी भरपूर शेंगदाण्याची चटणी घालून भाकरी बांधून दिल्या आणि भावाला बजावलं की वय पाह्यजो आपलं. सर हसले नाहीत.

सकाळी साडेसातला शिट्टी वाजली. डोंगर विवराच्या तिप्पट होता, वाट मुरमाची आणि मध्येमध्ये खडकाळ. सर एक तास चाळीस मिनिटांत माथ्यावर पोचले. त्यांच्यामागे दोनच मिनिटांनी करिष्मा. बाकीचे दोन तासांच्या आत आले. धम्मशीला आली तेव्हा दोन तास सतरा मिनिटं झाली होती आणि बाकीच्यांचं खाऊन झालं होतं.

सरांनी आकडा लिहिला, वही मिटली, मग तिच्याजवळ येऊन बसले. हे त्यांनी इतरांपासून दूर केलं, याचं तिला बरं वाटलं.

"ताई, उद्या यादी जाते. करिष्माचं नाव टाकतो."

"हाव."

"मशीन तुमच्याच घरासाठी पह्यले. म्हनून म्हनतो."

"समजलं सर. टाका."

तिला राग आला नाही. रागासाठीही थोडी ताकद लागते. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि खाली पाहिलं. पायथ्याशी उभी जीप करंगळीच्या नखाएवढी दिसत होती. मशीन आलं म्हणजे झालं, असं तिनं स्वतःला सांगितलं. कोणाच्या पायांनी आलं याला काय करायचं.

दहा वाजता उतरायला सुरुवात झाली. पहिल्या दहा मिनिटांतच काहीतरी बिनसलं आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. जानरावांच्या मांड्या थरथरू लागल्या. करिष्मा मुरमावरून घसरली आणि उठेना. पाय माझे वाटतच नाहीत, असं म्हणाली. दोन महिने संघानं उतार केला होता तो सकाळच्या ताज्या अंगानं. दमायचं ते चढताना आणि चढ संपला की जीप. आता चढ संपला होता, पाय संपले होते आणि जीप खाली होती.

सर सगळ्यांना धीर देत पुढे चालले होते. तिसऱ्या वळणाखाली त्यांचा उजवा गुडघा अडकला. ते खडकाला धरून उभे राहिले. एक पाऊल टाकून पाहिलं आणि खाली बसले. चेहरा पांढरा पडला होता. रामराव आणि जानराव त्यांना दोन बाजूंनी उचलायला गेले. वाट तिघांपुरती रुंद नव्हती आणि जानरावांचे स्वतःचे पाय ठरत नव्हते. दोनदा तिघेही पडता पडता वाचले.

धम्मशीला मागून आली. ती तेवढ्याच चालीनं येत होती जेवढ्या चालीनं चढली होती. तिनं जानरावांना बाजूला व्हायला सांगितलं आणि सरांच्या पुढे, एक पाऊल खाली, अंग जरासं तिरपं करून उभी राहिली.

"हात माह्या खांद्यावर ठेवा. वजन टाका, मी पडत नाही. दुखरा पाय आधी खाली, चांगला मागून. पायाकडं पाहू नका, माह्या मानेकडं पाहा."

सरांनी हात ठेवला. कोणाच्या आधारानं चालायची त्यांना सवय नव्हती हे त्या हातावरून कळत होतं.

"टाका. थांबा. आता दुसरा. थांबा."

जालन्याच्या त्या दवाखान्यात डायलिसिस दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट पहिल्यापासून बंद. वर जाताना प्रेमानंद कठड्याला धरून स्वतः जाई. मशीनवरून सुटल्यावर मात्र त्याच्या पायांत जीव नसे. अडतीस पायऱ्या. तिथल्या सिस्टरनं एकदा दाखवलं होतं, कमजोर पाय आधी, आपण एक पायरी खाली. दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा, दिवसभराच्या बसण्यानं आंबलेल्या अंगानं ती हेच करत आली होती. याला सराव म्हणतात हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दोन तास वीस मिनिटं लागली. करिष्मा त्यांच्या मागे मागे, धम्मशीला पाय कसा टाकते ते पाहत, तसाच टाकत आली. जानराव शेवटच्या उतारावर बसूनच घसरले आणि पँट फाटली.

जीपच्या फूटबोर्डावर सरांना बसवलं. संजीवनीनं गुडघ्याला पट्टी बांधली. त्यांनी वही मागितली, उघडली, आणि बराच वेळ पानं मागे उलटत राहिले. जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर.

"उतार मी कधी लिवलाच नाही," ते म्हणाले.

"खड्ड्यात उताराले कोन विचारते सर," जानराव म्हणाले.

"म्या विचाराले पाह्यजे होतं."

त्यांनी आजच्या पानावर पट्टीशिवाय एक उभी रेघ मारली, जरा वाकडीच आली, आणि वर लिहिलं: उतार. मग कोरं पान काढून यादी लिहिली. धम्मशीला मोरे, संजीवनी, रामराव, जानराव, करिष्मा. पाच झाले. त्यांनी एकदा मोजले आणि वही धम्मशीलाकडे दिली.

तिनं वाचून विचारलं, "तुमचं नाव?"

"मी पायथ्याशी राह्यतो. कोनी तरी घड्याळ पाहाले पाह्यजेच. तुमी पहाटे सगळ्यांच्या आधी निघा, वर उशिरा पोचल्या तरी चालते. खाली मात्र यांना तुमी आना. बुधवारपासून काठावर तासभर फिरून, दमून मग उतरायचं. शिट्टी तुमच्याकडं."

तिला काय वाटलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. आणखी एक काम वाढलं, असंही वाटलं. "बुधवारी येते," ती म्हणाली. "परवा जालना हाये."

मंगळवारी संध्याकाळी चारला प्रेमानंद मशीनवरून सुटला. ती एक पायरी खाली, तिरपी उभी राहिली. त्याचा हात खांद्यावर आला, नेहमीच्या जागी. रविवारचं दुखणं आता तिच्या दोन्ही गुडघ्यांत उतरलं होतं. अठराव्या पायरीवर, पहिल्या मजल्याच्या कोपऱ्यात, ती स्वतःहून थांबली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"काऊन थांबली?" प्रेमानंदनं विचारलं.

"दमली."

"मग बस जरा. मीबी बसतो."

दोघं पायरीवर बसले. वरून एक बाई उतरत आली, त्यांना वळसा घालून गेली. यादी सोमवारीच गेली होती. चढाईला तीन आठवडे होते.

"बीबीच्या खोलीले किती पायऱ्या हायेत?" त्यानं विचारलं.

"एकबी नाही," ती म्हणाली. "उंबरठाबी नाही."

त्यानं मान हलवली. मग भिंतीला धरून ती आधी उठली, एक पायरी खाली गेली आणि त्याच्या हाताची वाट पाहत उभी राहिली. अजून वीस होत्या.