माझ्या कपाळावरचा लाल टॅग

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. जुना म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका. माझ्या अंगावर कुठल्याही कंपनीचं नाव नाही आणि मी कधी दुकानाच्या काचेत बसलो नाही. भोसरीच्या एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे दणक्याने पत्रा कापणाऱ्या मशीनांच्या खात्यात, काम करणाऱ्या माणसाने आपल्या गुरुवारच्या सुट्ट्या खर्ची घालून मला स्वतःच्या हातांनी घडवलं. त्यांचं नाव कोंडीराम. गेली सत्तावीस वर्षं मी रहाटणीत त्यांच्याच घरी राहतो.

माझं अंग कशाचं आहे ते ऐका. त्यांच्या कंपनीत परदेशातून एक भलंमोठं मशीन आलं होतं. ते ज्या लाकडी खोक्यातून आलं, त्याच्या जाड फळ्या साहेबांना विचारून कोंडीरामांनी सायकलला बांधून घरी आणल्या. माझ्या पाठीच्या आतल्या बाजूला ‘ही बाजू वर’ असं सांगणारा बाण अजून आहे. फक्त फळी उलटी बसल्यामुळे तो बिचारा जमिनीकडे बघतो. आवाज घुमू नये म्हणून चिमाबाईंनी, म्हणजे कोंडीरामांच्या पत्नीने, एक जुनी गादी उसवून तिचा कापूस माझ्या पोटात भरला. माझ्याबरोबर माझा भाऊही तयार झाला. मी डावा, तो उजवा. आम्हाला दोघांना पहिल्यांदा आवाज फुटला तेव्हा गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती.

मग काय विचारता! सकाळी बुद्धवंदना आमच्यातून, चौदा एप्रिलची गाणी आमच्यातून, कुणाचं लग्न असो की बारसं, आमच्याशिवाय मांडव सजायचा नाही. एका जयंतीला मात्र कुणीतरी उत्साहाच्या भरात आवाजाचं बटण शेवटापर्यंत पिळलं आणि माझा पडदा टरकन फाटला. कोंडीरामांनी पातळ कागद आणि डिंक लावून तो असा बेमालूम जोडला की मी पूर्ववत गाऊ लागलो. पण एकदा नाव खराब झालं ते झालंच. त्या दिवसापासून घरात काहीही खरखरलं, अगदी पंखा जरी कुरकुरला, तरी सगळे आधी माझ्याकडे बघायचे. भावाकडे कुणी बघत नसे.

कोंडीरामांविषयी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली अशी, की मशीनचं दुखणं ओळखण्यात त्यांचा हात धरणारा भोसरीत कुणी नव्हता. चालू मशीनच्या अंगाला ते स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचे, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, “मागची बेअरिंग जायला लागलीय.” मोठमोठे इंजिनिअर त्यांना बोलावून न्यायचे. दुसरी गोष्ट दुःखाची आहे. तीस वर्षं प्रेसच्या दणक्यात उभं राहून त्यांचे कान गेले. उजव्या कानाने आता जवळजवळ काहीच येत नाही, डाव्याने थोडंफार येतं.

त्यांच्या मुलीचं नाव मिनल. ती लहान असताना कोंडीराम शिफ्टवरून आले की माझ्या डोक्यावर बोटांनी ठेका धरायचे. त्यांच्याकडे तीन नंबरची एक प्रेस होती. सात ठोके सरळ मारायची आणि मग किंचित अडखळायची. पुन्हा सात, पुन्हा अडखळणं. कितीही दुरुस्त करा, तिची ती खोड जात नसे. कोंडीराम ती खोड माझ्या डोक्यावर वाजवून दाखवायचे आणि मिनल दोन चमचे घेऊन भावाच्या डोक्यावर तीच नक्कल करायची. मित्रांनो, ही मुलगी पुढे ड्रम वाजवू लागली, याचं आश्चर्य बाकीच्यांना वाटलं असेल, मला अजिबात वाटलं नाही.

पुढे मोबाईल आले आणि आमचे दिवस पालटले. आठ वर्षं माझ्या डोक्यावर इस्त्री होती आणि भावाच्या डोक्यावर पिठाचा डबा. पाहुण्यांची मुलं आमच्या जाळीत शेंगदाण्याची टरफलं खुपसायची. कोंडीराम मात्र महिन्यातून एकदा आमची धूळ पुसायचे आणि मागचे स्क्रू घट्ट आहेत ना ते बघायचे. मला तेवढंही पुरायचं.

असा आमचा जमाना सरलेला असताना यंदाच्या उन्हाळ्यात तो गुरुवार उजाडला. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. मिनल चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट तपासायचे आणि जो बिघडलेला असेल त्यावर लाल टॅग चिकटवायचा, म्हणजे तो पुढे जात नाही, हे तिचं काम. त्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन बसली होती आणि शेजारी तिच्या बँडमधला समर्थ होता. समर्थ गिटार वाजवतो आणि गातो. दोन वर्षं शिफ्टा सांभाळून, काळेवाडीत एक खोली भाड्याने घेऊन या पोरांनी आपला पहिला अल्बम तयार केला होता. ‘शिफ्टबदल’ त्याचं नाव. संध्याकाळी सहाला तो इंटरनेटवर प्रसिद्ध करायला पाठवून द्यायचा होता, कारण लोकांना तारीख सांगून झाली होती.

“हेडफोनवर शंभर वेळा ऐकलाय,” मिनल म्हणाली. “एकदा या मोठ्या स्पीकरवर लावू, मग पाठवू.”

माझ्या डोक्यावरची इस्त्री उतरली. वायरी जोडल्या गेल्या. आठ वर्षांनी अंगात वीज खेळली हो!

या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. मला आधी धडकीच भरली. गिटारी जड, ड्रम अंगावर येणारे आणि ताल असा की सातावर चाललाय म्हणेपर्यंत अकरावर गेलेला. पण दुसऱ्या गाण्यापर्यंत मी सावरलो आणि तिसऱ्याला तर पोटातल्या कापसासकट डोलू लागलो. समर्थ तसा बोलायला मवाळ पोरगा, पण गाण्यात त्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा घोगरा येतो. चिमाबाई स्वयंपाकघरातून लगबगीने बाहेर आल्या.

“काय रे माय, घसा बसलाय का तुझा? हळद घालून दूध देऊ?”

“काकू, ते तसंच गायचं असतं,” समर्थ लाजून म्हणाला. तरी दूध आलंच आणि त्याने ते मुकाट्याने प्यायलं.

चौथं गाणं लागलं. त्यात मध्येच गिटारी थांबतात आणि एकटा ड्रम हळू आवाजात चालतो. तिथे माझ्यातून आवाज आला, खर्रर्र. थोडा वेळ थांबून पुन्हा, खर्रर्र. भाऊ स्वच्छ वाजत होता. खरखर माझ्याच बाजूने येत होती.

“हा डावा गेलाय राव,” समर्थ म्हणाला.

“त्याचा पडदा फाटला होता मागं,” मिनल म्हणाली. तिने बॅगेत राहिलेली टॅगची पट्टी काढली, एक लाल टॅग सोलला आणि हसत हसत माझ्या कपाळावर चिकटवला. “रिजेक्ट!”

ती गमतीने म्हणाली, हे मला ठाऊक आहे. तरी सांगतो, त्या हाताला चमचे धरायला शिकताना मी पाहिलं होतं, त्यामुळे फार लागलं. तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याच्या टेम्पोची आरोळी ऐकू आली. “देऊन टाका बाई एकदाचा, जागा तरी मोकळी होईल,” चिमाबाई म्हणाल्या. समर्थने माझी वायर काढायला हात घातला.

तुम्हाला खरं सांगू का, त्या क्षणी माझाही माझ्यावर विश्वास राहिला नाही. इतक्या वर्षांचा डिंक, सुटला असेल. आपलंच काहीतरी तुटलं असेल.

कोंडीराम मागच्या दारात कुंड्यांना पाणी घालत होते. ते आत आले, माझ्या कपाळावरचा टॅग त्यांनी पाहिला आणि विचारलं, “कामून लावलं हे?”

“खरखर येतीय पप्पा!” मिनल मोठ्याने म्हणाली. “तुम्ही जोडलेला पडदा परत गेला!”

“परत लाव ते गाणं.”

त्यांनी फळीवरून आपला जुना स्क्रूड्रायव्हर घेतला, माझ्यासमोर मांडी घातली, टोक माझ्या अंगाला टेकवलं, मूठ डाव्या कानामागे धरली आणि डोळे मिटले. मित्रांनो, माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. खरखर आली. त्यांनी टोक वर सरकवलं, खाली सरकवलं, पडद्याच्या कडेला टेकवलं.

“पेटी ठणठणीत हाय,” ते म्हणाले. “पडदा बी. ही खरखर ह्याची नाय. मागून, वायरीतून येतीय.”

“काका, पण तुम्हाला तर ऐकू…” समर्थ बोलता बोलता गप्प झाला.

कोंडीराम रागावले नाहीत. “कानानं कुठं ऐकतोय मी? हाडानं ऐकतोय. नाय पटत, तर वायरी बदल. डाव्याची उजव्याला लाव अन् उजव्याची डाव्याला.”

समर्थने वायरी बदलल्या. गाणं पुन्हा सुरू झालं. गिटारी थांबल्या, ड्रम एकटा चालू लागला. मी श्वास धरून बसलो, म्हणजे स्पीकरला जितका धरता येतो तितका.

खर्रर्र! खरखर आता भावाच्या बाजूने आली. ज्याचा पडदा आयुष्यात कधी फाटला नाही, त्या माझ्या सज्जन भावाच्या बाजूने. आणि मी? मी घंटेसारखा स्वच्छ वाजत होतो!

भंगारवाल्याचा टेम्पो पुढे निघून गेला.

“खरखर गाण्यातच हाय. ढिला वायसर हाय कुठंतरी,” कोंडीराम म्हणाले. “नट कसलेला नाय.”

मिनलचा चेहरा उतरला. तिच्या ड्रमच्या डाव्या स्टँडला एक नट आहे. चौथं गाणं रेकॉर्ड केलं त्या दिवशी ती पहिली शिफ्ट करून चाकणहून थेट काळेवाडीला आली होती. नट हलतोय हे तिला दिसलं होतं. “चालतंय,” असं म्हणून ती वाजवायला बसली. कंपनीत कुणी “चालतंय” म्हटलं तर हीच मुलगी अख्खा ट्रे परत पाठवते.

“मिनल, एवढं बारीक कुणाला ऐकू येणारे?” समर्थ काकुळतीला आला. “हेडफोनवर आपल्याला पण नाही कळलं. सहाला पाठवायचंय. तारीख सांगून बसलोय आपण.”

मिनलने वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या हातात अजून स्क्रूड्रायव्हर होता.

“पप्पांना ऐकू आलं,” ती म्हणाली.

मग ती माझ्यापाशी आली, गुडघ्यांवर बसली आणि माझ्या कपाळावरचा लाल टॅग तिने हळूच सोलून काढला. तो तिने लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवला आणि वरून अंगठ्याने नीट दाबला. त्या दिवशी अल्बम पाठवला गेला नाही. समर्थने सगळ्यांना कळवून टाकलं, तारीख पुढे गेली.

“बाकीचं तर ऐकू द्या,” कोंडीराम म्हणाले. “पहिल्यापासून लावा.”

त्यांनी सगळा अल्बम ऐकला, पाऊण तास, मूठ कानामागे आणि दुसरा हात माझ्या डोक्यावर. शेवटच्या गाण्यात त्यांची बोटं आपोआप हलू लागली. सात ठोके आणि किंचित अडखळणं. पुन्हा सात. बोटं ड्रमच्या बरोबर चालली होती, कधी कधी तर ड्रमच्याही पुढे. त्यांनी डोळे उघडले.

“ही तर तीन नंबर हाय.”

“हो पप्पा.”

“आपली प्रेस? गाण्यात?”

“तुम्ही शिकवलीत ना. ह्याच्याच डोक्यावर.”

कोंडीराम हसले, आणि हसता हसता त्यांनी शर्टच्या बाहीने डोळे पुसले. “लई डोकं लावलं व्हतं तिच्यापायी. बरं झालं, पुरती दुरुस्त नाय झाली.” त्यांचा हात अजून माझ्या डोक्यावर होता आणि मी एवढा सुखावलो होतो की पोटातला कापूस पुन्हा नवा झाल्यासारखं वाटलं.

तीन आठवड्यांनी चौथं गाणं नव्याने रेकॉर्ड झालं. पाना घेऊन कोंडीराम स्वतः काळेवाडीला गेले आणि स्टँडचा एकेक नट कसून आले. ते गाणं जगात जाण्याआधी आमच्यावर वाजलं, आणि कुठेही खरखर नव्हती. आता दर गुरुवारी बँडची पोरं काहीतरी नवं घेऊन येतात आणि आमच्यासमोर मांडी घालून ऐकतात. इस्त्रीला दुसरी जागा मिळाली आहे. समर्थला दूध मात्र चुकलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणीतरी जुनं असेल. एखादी वस्तू असेल, नाहीतर कमी ऐकू येणारे एखादे आजोबा असतील. त्यांनी खरखर केली तर लगेच त्यांच्यावर टॅग लावू नका. तुमच्याच कामातला ढिला नट ते तुम्हाला ऐकवत असतील. आधी एकदा वायरी बदलून बघा.

माझ्या कपाळावर त्या टॅगच्या डिंकाचा चौकोनी डाग राहिला आहे. परवा चिमाबाई रॉकेलचा बोळा घेऊन तो पुसायला आल्या, तेव्हा कोंडीरामांनी त्यांचा हात धरला. “राहू दे,” ते म्हणाले. “तपासून पास झालेला माल हाय तो.”