फळ्यावरून पुसलेली ड्यूटी

धोबीखान्यातली इस्त्रीवाली तापातून उठून कामावर आली, तेव्हा तिच्या पगारात आजारपणाचा छदामही नव्हता. ती तडक हिशेबनिसाच्या टेबलापाशी गेली.

"अहो ताई, कायद्याने आजारपणाचा पगार ड्यूटीच्या दिवसांचाच मिळतो. फळ्यावर तेव्हा तुमची ड्यूटीच नव्हती."

"नव्हती? मग येत नाही म्हणून फोन करायला मला काय वेड लागलं होतं?"

हिशेबनीस फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुकादमाकडे बघू लागला. कुणी आजारी पडलं की मुकादम त्याच्या नावावर फडकं मारून दुसऱ्याचं नाव लिही, आणि हिशेबनीस तो फळा बघूनच पगार काढी.

वाफेच्या यंत्रामागून तिची जाऊ पुढे आली. "'ती आजारी आहे, तिची ड्यूटी तू कर,' असं मुकादमांनीच मला सांगितलं."

मुकादमाने हातातलं फडकं हळूच फळ्याखाली ठेवलं.

ताप कधीच उतरला होता. आता इस्त्रीवाली रागाने फणफणली होती. "अंगात त्राण नव्हतं तेव्हा तुम्ही माझं नाव पुसलंत. आज मी धडधाकट उभी आहे. पुसून दाखवा!"

कुणी फडक्याला हात लावला नाही.

"तर मग लिहा माझा आजारपणाचा पगार," ती हिशेबनिसाला म्हणाली. त्याने मुकाट्याने पेन उघडलं.