पक्कं बनावट

तनुजाला नोकरी लागली तेव्हा बिलोलीत तिच्या वडिलांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, पण पोरगी नेमकं करते काय, हे त्यांना आजतागायत धड सांगता आलेलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, कॉम्प्युटरवर चोर पकडते. तसं बघितलं तर ते काही खोटं नव्हतं.

लातूरला औसा रोडवर, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर 'स्वरसाखळी'चं ऑफिस. खेड्यापाड्यातल्या माणसांनी मोबाइलवर आपल्या बोलीत बोलायचं, ते आवाज घेऊन कंपनीनं मशीनला भाषा शिकवायची आणि बोलणाऱ्याच्या खात्यावर पॉइंट पडायचे, त्यांचे पुढं पैसे व्हायचे. कोण कधी बोललं, किती वेळ बोललं, खातं खरं ठरलं की खोटं, सगळ्याची नोंद ब्लॉकचेनवर. ब्लॉकचेन म्हणजे अशी वही, की एकदा लिहिलं ते लिहिलं, पुन्हा मालकालासुद्धा खोडता येत नाही. आता फुकटचे पॉइंट म्हटल्यावर लबाड गोळा होणारच. एकेक पठ्ठ्या शंभर-शंभर खाती उघडायचा आणि मशीनचाच आवाज लावून मोकळा व्हायचा. असली खाती हुडकायला तनुजा दिवसभर सर्व्हरचे लॉग बघत बसायची. कुठलं खातं, कुठला मोबाइल, किती वाजता. ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ. संध्याकाळी डोळे मिटले तरी तेच आकडे पळताना दिसायचे.

खातं सापडलं की दोन बटणं. 'संशयित' दाबलं तर सात दिवस ते नुसतं थांबवून ठेवायचे आणि दुसरं कुणीतरी आवाज ऐकून निकाल द्यायचं. 'पक्कं बनावट' दाबलं की विषय संपला. पुण्यात बसणारा तिचा साहेब, गंधार, दर सोमवारच्या मीटिंगला सगळ्यांसमोर विचारायचा, लातूरच्या लोकांना एवढे संशय का येतात, निर्णय घ्यायला काय होतं? नांदेडची टीम बघा, म्हणायचा. पोरगी हुशार. तिनं संशय घेणंच सोडून दिलं, सरळ दुसरं बटण दाबायची.

गुरुवारी दुपारी रविकांत आला. निलंग्यात वेल्डिंगचं दुकान असलेला चाळिशीचा माणूस, शर्टाच्या बाह्यांना ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं. ऑफिसच्या दारातच त्यानं चपला काढल्या, नको नको म्हटलं तरी काढल्या. त्याचं गाव चिंचाळवाडी, पार कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. तिथल्या बचत गटाच्या एकेचाळीस बायका स्वरसाखळीवर बोलायच्या आणि शनिवारपासून त्या सगळ्यांची खाती बंद पडली होती. गटाची सेक्रेटरी आरती, तिनं त्याला हा पत्ता दिला होता. बाकीच्यांचं त्या बघून घेतील, तो म्हणाला, मला फक्त माझ्या मायचं पाहिजे. माय म्हणजे पार्वतम्मा. पंधरा दिवसांमागं जेवून झोपली ती सकाळी उठलीच नाही.

"फोटो हायत चार," तो म्हणाला. "आवाज न्हाई. वीस वर्सं रोज फोनवर बोललो, पण भरून ठेवावा म्हणून कधी डोक्यातच आलं न्हाई. ह्यात हाय तेवढाच हाय, ताई."

तनुजानं बोटांवर दिवस मोजले. शनिवार ते गुरुवार, पाच दिवस. दुसऱ्या कुणी 'संशयित' करून ठेवलं असणार, म्हणजे सातातले दोन अजून शिल्लक होते. मिळेल दादा, बसा, असं ती बोलून गेली, आणि खालच्या टपरीवरून चहासुद्धा मागवला. दोन वर्षांत या खुर्चीवर बसून तिनं कुणाचं भलं केलेलं तिला आठवत नव्हतं, म्हणून बाईला आतून जरा बरंही वाटलं. रविकांतनं खिशातून कागदात गुंडाळलेलं कोरं मेमरी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. येताना बसस्टँडसमोर घेतलं होतं. जास्तीत जास्त जागा असलेलं द्या म्हणून दुकानदाराला सांगितलं होतं म्हणे.

तिनं चिंचाळवाडी शोधली आणि यादी समोर आली. ही यादी तिनं पाहिलेली होती. शनिवारी, डबा उघडायच्या आधी. एकेचाळीस खाती आणि मोबाइल एकच. रोज दुपारी दोन ते पाच, एक संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं. आणि जन्मतारखा? सव्वीस जणी एक जूनच्या, पंधरा जणी एक जानेवारीच्या. तेव्हा तिला हसू आलं होतं. काय आळशी चोर आहे, तारखा बदलायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत मेल्यानं.

अगं बाई, पण तू कुठली? पुण्या-बंगळूरच्या पोरीनं ही चूक केली असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. आपल्याकडं पन्नाशीपुढचं माणूस शाळेत गेलेलं असलं तर एक जूनचं आणि नसलं तर आधार कार्डवाल्यानं ठोकून दिलेल्या एक जानेवारीचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हिचे वडील बिलोलीत शाळामास्तर होते! जूनमध्ये पोरगं आणून उभं केलं की तारीख विचारत बसायचे नाहीत, सहा वर्षं मागं जाऊन एक जून टाकायचे. अर्धा तालुका त्यांनी एकाच दिवशी जन्माला घातला होता आणि त्यावरून घरात जेवताना हसून हसून ठसका लागायचा. तीच तारीख स्क्रीनवर बघून हिला बाप आठवला नाही, चोर आठवला. मोबाइल एक का, तेही रविकांतनं चहा पिता पिता न विचारता सांगून टाकलं: गटात अ‍ॅप चालणारा मोबाइल एकट्या आरतीचाच होता, बाकीच्यांकडं साधे बटणांचे फोन; दुपारी शेतातून मोकळ्या झाल्या की बायका पाळीपाळीनं बोलायच्या.

पार्वतम्माच्या ओळीपुढं लिहिलेलं होतं: पक्कं बनावट. तपासणी तनुजा. लागलेला वेळ चार सेकंद. आवाज काढून टाकले.

फोन करून येते म्हणून ती जिन्यात गेली. गंधारनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, पक्क्या बनावट खात्यांचे आवाज त्याच रात्री पुसले जातात, प्रत कुठंच राहत नाही, नुसती नोंद राहते. बाकीच्या चाळीस जणींना कॅमेऱ्यासमोर उभं राहून आपण जिवंत आहोत असं दाखवायला सांग, त्यांची खाती नव्यानं उघडू. गेलेल्या बाईचं काही होणार नाही. आणि त्या माणसाला तांत्रिक अडचण म्हणून सांगून टाक, उगाच खोलात जाऊ नकोस.

वर येईपर्यंत 'तांत्रिक अडचण' हे दोन शब्द तिच्या जिभेवर तयार होते. रविकांतनं चहाचा कप उचलून कडेला ठेवला होता, टेबलावर सांडलेला थेंब रुमालानं पुसला होता, आणि मेमरी कार्ड कागदातून काढून हातात धरलं होतं. ते बघून तिच्यानं खोटं बोलवलं नाही.

"आवाज पुसले गेले, दादा," ती म्हणाली. "मीच पुसले. मला वाटलं, ही माणसं खरी नाहीत."

तो ओरडेल, टेबलावर हात आपटेल असं तिला वाटलं. आपटला असता तर तिला सोसलं असतं. त्यानं फक्त विचारलं की मग आता उरलं काय. तिनं स्क्रीन त्याच्याकडं वळवली. मायच्या नावापुढचा 'बनावट' हा शब्द त्यानं दोनदा वाचला आणि निदान तेवढं तरी खोडा म्हणाला. खोडता येत नाही, तनुजानं सांगितलं. खाली मायच्या सगळ्या बोलण्यांची यादी होती, नुसत्या तारखा, वेळ आणि विषय. सगळ्यात शेवटची नोंद अठ्ठेचाळीस सेकंदांची. विषय: मनातलं काहीही बोला.

त्या ओळीवर रविकांतनं बोट ठेवलं. मग सांगू लागला. मागं आवाज नको, असं त्या अ‍ॅपमध्येच लिहिलं होतं म्हणून आरती एकेकीला गटाच्या गोदामात पाठवून दार ओढून घ्यायची. त्या दिवशी माय आत गेली ती पदरानं डोळे पुसतच बाहेर आली. बायकांनी छेडलं, काय गं पार्वतम्मा, कुणाबद्दल बोललीस एवढं? तर म्हणाली, माझ्या रव्याबद्दल. काय ते मात्र सांगितलं नाही, त्या मशीनला ठाऊक आहे म्हणाली. मातीच्या दिवशी बायकांकडून हे कळलं आणि तेव्हापासून त्याला रात्रीची झोप नव्हती. भांडून घर सोडलं होतं त्यानं, निलंग्याला वेगळा राहत होता. फोन रोज व्हायचा, पण त्या भांडणाचा विषय दोघांनीही कधी काढला नव्हता.

त्यानं स्क्रीनवरून नजर काढून तिच्याकडं बघितलं.

"पुसायच्या आधी तुमी तर ऐकलं असंल की, ताई. काय म्हनली व्हती?"

प्रत्येक ओळीच्या टोकाला 'ऐका' असं लिहिलेलं एक लहानसं बटण असतं. शनिवारीही ते होतं.

"नाही ऐकलं, दादा."

"जरासंबी न्हाई?"

तिनं मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याला दिसू नये म्हणून तिनं खाली बघितलं, आणि रडायचा तरी आपल्याला काय हक्क आहे, असं तिला वाटत राहिलं.

"म्हंजी कुनीच न्हाई ऐकलं," तो म्हणाला, आणि चपला घालायला दाराकडं गेला.