दुपारचं पाणी

मी पाणी तपासते. एकवीस वर्षं झाली. पाण्यातलं आपल्याला कळतं, असा माझा केवढा तोरा! जळो तो तोरा.

तलावात धाकट्या भावाचे तरंगते पिंजरे आहेत, मासे वाढवायचे. महिन्यातून एकदा मी जायची, तीही भर दुपारी. का, तर सकाळभर तो खाद्य टाकत हिंडणार आणि होडी मोकळी व्हायला बारा वाजणार. होडीत बसायचं, यंत्राची तार पाण्यात सोडायची, ऑक्सिजन बघायचा, बाटली भरायची आणि त्याच्याकडेच जेवून परत यायचं. आकडा नेहमी झकास. गेल्या महिन्यात तर अकरा! पाणी हिरवंगार. सूक्ष्मदर्शकाखाली पूर्वी दहा-बारा जातींचे बारीक तरंगते जीव दिसायचे, आता सगळीकडे एकच हिरवं शेवाळ. मी ते बघितलं आणि सोडून दिलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

"ताई, आणखी आठ पिंजरे टाकू?" त्यानं विचारलं.

"टाक की. पाणी फर्स्ट क्लास आहे."

काल उजाडता उजाडता त्याचा फोन आला. "मासे वर येऊन नुसती तोंडं उघडतायत गं. लवकर ये."

काठावर पोचले. मधल्या पिंजऱ्यांत पाणी दिसत नव्हतं. पांढरी पोटं, नुसती पांढरी पोटं. तो हातात जाळी घेऊन उभा होता, पण काढणार किती?

होडीत बसून मी तार सोडली. शून्य पूर्णांक आठ. यंत्र बिघडलं म्हणून त्याला दोन थपडा दिल्या, पुन्हा बघितलं. तेच. आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं, आणि रात्रभर स्वतःच ओढून घेतं. शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक असतं! हे जीव पहाटे गुदमरत होते आणि मी दुपारी जाऊन त्यांची तब्येत उत्तम म्हणत होते. तार तळापर्यंत नेऊन वर ओढली, तर तिला काळा चिखल, सडक्या अंड्यासारखा वास. उरलेलं खाद्य आणि माशांची घाण. त्यावरच ते शेवाळ माजलं होतं.

"तू अकरा सांगितलं होतंस," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

कडेचे चार पिंजरे अजून जिवंत होते. पलीकडे ओढा तलावाला मिळतो, तिथं जाऊन बघितलं तर ऑक्सिजन पाच, मासे जगण्यापुरता. "पिंजऱ्यांची जाळी काप!" मी किंचाळले. "सोड त्यांना, तिकडे जाऊ देत!"

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि सुरी चालवली. जाळ्या खाली गेल्या. मासे जागचे हलले नाहीत. मी पाण्यावर वल्हं आपटलं, शिव्या घातल्या, काही उपयोग नाही. बोटाएवढे होते तेव्हापासून त्या चौकोनात वाढलेले, आणि ही त्यांच्या खाण्याची वेळ. तोंडं वर करून थांबले होते.

तेव्हा त्यानं पत्र्याचा डबा उचलला. खाद्य टाकण्याआधी तो रोज डबा बडवतो. दोन थापा पडल्या आणि पाणी हललं, मासे होडीकडे वळले.

"मूठभर खाद्य टाक, भरभर येतील," मी म्हटलं.

"त्या खाद्यानंच वाट लावली ना गं?"

मी वल्ही धरली. तो रिकामा डबा बडवत राहिला, डोळ्यांतलं पाणी पुसायलाही थांबला नाही. मासे मागून येत होते. अधूनमधून एखादा उलटा व्हायचा, बाकीचे त्याला ओलांडून पुढे.

ओढ्याच्या तोंडाशी पोचल्यावर मी सवयीनं यंत्राकडे हात नेला.

"राहू दे ताई," तो म्हणाला. "तू आता काही मोजू नकोस."