राहून गेलेली ओळ

थोरली आणि धाकटी, दोघी सख्ख्या बहिणी, मिळून गेम बनवत. थोरली प्रोग्रामिंग करी, धाकटी चित्रं काढी. कंपनी म्हणजे काय, तर धाकटीच्या फ्लॅटमधली मागची खोली, दोन टेबलं, एक चांगली खुर्ची, एक डगमगती, आणि डगमगतीवर कोण बसणार यावरून रोजची कुरबुर. तिसरा होता संगीत देणारा. तो राहायचा शहराच्या दुसऱ्या टोकाला, पण सात वर्षं या खोलीत इतका पडीक असायचा की त्यांची आई त्याला ‘घरचा वाजंत्री’ म्हणायची. तेच नाव त्याला चिकटलं होतं.

धाकटीला ऐकू येत नाही. सहा वर्षांची असताना मोठं दुखणं झालं, त्यात कान गेले ते गेलेच. ती बोलते नीट, समोरच्याचे ओठ वाचते, आणि पाठ फिरवून बोलणाऱ्याला तिथल्या तिथे फैलावर घेते. तरी त्यांचा नवा गेम उभा होता तो आवाजांवरच. एक बाई दहा मजली इमारतीत हरवलेली मांजर शोधते, आणि बंद दारांआडून जे ऐकू येतं त्यावरून वाट काढते. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी पडद्याच्या तळाशी ओळ उमटते: ‘चौथ्या मजल्यावर नळ गळतो’, किंवा ‘मांजर, लांबून, वैतागलेली’. ही कल्पना धाकटीचीच होती.

ओळी लिहिण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. गेम असो की त्यांची कुठली मुलाखत, बोललेले शब्द धाकटी लिहायची, कॉम्प्युटरने काढून दिलेला मजकूर ओठांशी ताडून. शब्द नसलेलं सगळं थोरली लिहायची: पावलं, खोकला, दार, हशा. थोरलीने लिहिला नाही तर तो आवाज धाकटीच्या लेखी झालाच नाही. इतका विश्वास खरं तर कुणीच कुणावर टाकू नये, पण बहिणी टाकतात.

गेम बाजारात यायला तीन आठवडे उरले होते, तेव्हा इंटरनेटवरच्या एका गेमवाल्या कार्यक्रमाने थोरलीला आणि वाजंत्रीला बोलावलं. सूत्रधार होता बडबड्या, स्वतःच्याच विनोदांवर खिदळणारा. अर्ध्या तासानंतर त्याने त्या तळाच्या ओळींबद्दल विचारलं. वाजंत्री रंगात आला होता, आणि रंगात आला की त्याची उचलली जीभ लावली टाळ्याला.

“मी दगडापुढे गायचं, आणि वर दगडाला गाण्याची चिठ्ठी लिहून द्यायची,” तो म्हणाला. “बहिऱ्यांना असले गेम हवेतच कशाला? पत्ते खेळा म्हणावं. तिथे आवाज लागत नाही.”

सूत्रधार हसला. आणि थोरलीही हसली.

का हसली, हे तिने नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. सात वर्षं ती त्याच्या विनोदांना हसत आली होती. हसायची जागा आली की हसू यायचं, पाय पायरीवर पडावा तसं. त्या क्षणी तिच्या डोक्यात धाकटी नव्हतीच. तिला सर्वांत जास्त लाज वाटायला हवी होती ती याची. पण लाज येत नव्हती. काहीच येत नव्हतं.

चार दिवसांनी सूत्रधाराने चित्रफीत पाठवली, ओळी बसवण्यासाठी. धाकटीने शब्द लिहिले. ‘दगड’ तिने लिहिला, ‘बहिऱ्यांना’ लिहिला, ‘पत्ते खेळा’ लिहून पूर्णविरामही नीट दिला. मग फाईल थोरलीच्या टेबलाकडे सरकवली आणि म्हणाली, “आवाज भर.” तिचा चेहरा वाचण्यात थोरलीची हयात गेली होती, पण त्या दिवशी त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं.

थोरलीने कानाला हेडफोन लावले. एकतिसाव्या मिनिटाला तिचं स्वतःचं हसणं आलं, सूत्रधाराच्या खिदळण्यात इतकं मिसळलेलं की परक्याला वेगळं कळू नये. चित्रात वाजंत्रीचा चेहरा आणि कडेला तिचा खांदा, एवढंच दिसत होतं. तिने ‘सूत्रधार हसतो’ एवढं लिहिलं. पुढची ओळ लिहायला बोटं कीबोर्डवर ठेवली, आणि उचलली. मग सदतिसाव्या मिनिटाला ‘बाहेर गाडीचा भोंगा’ असं अगदी चोख लिहिलं.

चित्रफीत बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावभर झाली. तीनशे पत्रं, हजारभर शेरे. ऐकू न येणाऱ्या खेळाडूंच्या एका गटाने विचारलं होतं की तुमच्यासाठी आम्ही दगड आहोत का, हो किंवा नाही सांगा. कुणीतरी, हसलं कोण कोण, असंही विचारलं होतं. त्यावर कुणीतरी परस्पर उत्तर दिलं होतं की तो सूत्रधार, त्याला हसायला काय लागतं. थोरलीने ते उत्तर दोनदा वाचलं आणि तिला हलकं वाटलं. त्या आठवड्यात तिला जे काही वाटलं ते एवढंच.

आईचा फोन आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ती म्हणाली, जरा सबुरीने घ्या, इतक्या वर्षांचा पोरगा. आयांना कुणीही चार वर्षं जेवून गेलं की ते आपलंच पोर वाटतं. थोरली नुसती हं हं करत राहिली.

काय करायचं यावर दोघी बहिणी दोन दिवस बोलल्या. थोरलीचं म्हणणं, वाजंत्रीचं नाव गेममधून पुसून टाकावं, सूर काढून टाकावेत, त्याचा मागमूस ठेवू नये. ती नको तितकी कडक झाली होती. चोराच्या मनात चांदणं असलं की असंच होतं. धाकटीने ऐकलं नाही. सूर त्यानेच केलेत, ती म्हणाली, चांगले केलेत, स्पीकरवर हात ठेवून मी त्यांवर चित्रं काढलीत. नाव राहील. पुढचं काम त्याच्याबरोबर करायचं नाही, आणि त्याचं बोलणं आम्हाला मान्य नाही हे आपल्या तोंडाने, आपल्या नावाने सांगायचं.

“खोडाखोड नको, ताई,” ती म्हणाली. “जे झालं ते झालं तसं दिसू दे.”

वाजंत्रीला कळवायचं काम थोरलीकडे आलं. तो आधी हसण्यावारी नेऊ लागला, मग चिडला, मग नरमला. माफी मागायला तयार होता, पण धाकटीसमोर नको, चिठ्ठी देतो म्हणाला. शेवटी म्हणाला, “थट्टा होती गं. तू तर माझ्यापेक्षा जास्त हसलीस.” त्यात धमकी नव्हती. खरंच त्याला एवढंच समजत नव्हतं की दोघं हसली असताना बाहेर एकटा तोच का. थोरलीने फोन ठेवला, टेबल पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं.

निवेदन धाकटीने लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते थोरलीच्या पडद्यावर पाठवलं आणि स्वतः डगमगत्या खुर्चीवर शेजारी येऊन बसली. छोटं होतं. आम्ही दोघी बहिणी, गेम आम्ही बनवला, आमच्यातली एक ऐकू शकत नाही. संगीतकार जे बोलला ते आम्हाला मान्य नाही. पुढे आम्ही त्याच्याबरोबर काम करणार नाही. या गेममधलं काम त्याचं आहे, म्हणून नाव राहील. आणि शेवटी: ‘माझी बहीण तेव्हा तिथे बसलेली होती. ती गप्प राहिली. असं काही कानावर पडलं की माणूस गप्प होतो. लोकांनी तिला याबद्दल बोल लावू नये.’

थोरलीने ते वाचलं. हातापायांत मुंग्या आल्यावर चिमटा काढला तरी लागत नाही, तसं तिला झालं होतं. अक्षरं दिसत होती, अर्थ कळत होता, मधे कुठेही दुखत नव्हतं. पाठव, एवढं म्हटलं की झालं असतं. बोल कुणी लावला नसता, आणि धाकटी जन्मभर तिला गप्प राहिलेली समजली असती. तिला आयुष्यात पहिल्यांदा समजलं की आपण आपल्या बहिणीला काहीही सांगू शकतो, आणि ती ते खरं मानेल.

तिने निवेदन बाजूला केलं. मुलाखतीच्या ओळींची फाईल उघडली, एकतिसाव्या मिनिटावर आली, आणि ‘सूत्रधार हसतो’ याच्या खाली लिहिलं: ‘शेजारी बसलेली प्रोग्रामर हसते’.

धाकटी पडद्याकडे पाहत राहिली. मग तिने वरची ओळ वाचली, वाजंत्रीचे शब्द वाचले, आणि पुन्हा खालची. रस्त्यावर कुणीतरी शटर वर ढकललं. ते फक्त थोरलीला ऐकू आलं.

“तू,” धाकटी म्हणाली.

थोरलीने मान हलवली. मग मान हलवणं पुरेसं नाही असं वाटून तिच्याकडे तोंड करून म्हणाली, “मी.”

“आवाज भरताना हे तुला ऐकू आलं होतं?”

“हो.”

धाकटीला रडू आलं नव्हतं, राग आलेला दिसत नव्हता. ती काहीतरी आठवत असल्यासारखी दिसत होती.

“तुझं हसणं मला माहीत आहे,” ती शेवटी म्हणाली. “मी लहान असताना ऐकलंय. फार मोठ्याने हसायचीस, मग श्वास अडकायचा आणि पुन्हा सुरू. दुसऱ्या कुणाचा आवाज आता आठवत नाही, आईचासुद्धा. तो राहिलाय.” ती थोरलीच्या ओठांकडे पाहू लागली. “तसंच हसलीस?”

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. हळू हसले, कसनुसं हसले, धाकटीला ते पडताळता आलं नसतं.

“तसंच,” ती म्हणाली.

धाकटीने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. त्या ओळीत ‘हसते’च्या आधी ‘मोठ्याने’ घातलं आणि फाईल साठवली. मग निवेदन उघडलं, शेवटची चार वाक्यं खोडली, आणि कीबोर्ड थोरलीपुढे सरकवला.

“इथलं तू लिही,” ती म्हणाली, आणि पडद्याकडे पाठ करून बसली.