शंभर फुटांची वाटणी

मी फिल्मची एक गुंडाळी बोलतेय, कुमासीत राहणाऱ्या अम्पोन्सा कॅमेरावाल्याच्या पलंगाखालून. हल्ली त्याची नातवंडं मोबाइल घेऊन नाचतात आणि ऊठसूट ‘फुटेज, फुटेज’ करतात. अरे, फुटेज म्हणजे काय, ते तरी ठाऊक आहे का? आम्हाला फुटांवर मोजून आणायचे. किती फूट फिल्म चित्रणात गेली, ते फुटेज. तुमच्या मोबाइलमध्ये एक तरी फूट दाखवा मला!

मी शंभर फुटांची. पडद्यावर तीन मिनिटंसुद्धा नाही. बोआतेन नावाचा कोकोचा व्यापारी वारला, तेव्हा मला त्याच्या अंत्यविधीला नेलं. त्याची मुलगी सेरवा लांब तामालेला, नुकतीच बाळंत झालेली. तिने निरोप धाडला होता, ‘मला येता येत नाही. बाबांचा चेहरा तेवढा नीट घ्या.’ अम्पोन्साने शब्द दिला होता.

पण अंगणातच बोआतेनची बहीण डुफी आडवी आली. बाई बाजारात कापड विकायची.

“किती आणलंस?”

“शंभर फूट. दुसरी गुंडाळी अख्ख्या गावात नाही.”

“मग पन्नास आमच्या घराण्याचे. भाऊ आमचा होता.”

“आणि नवरा माझा होता, वन्सं!” बोआतेनची बायको न्यार्को उसळली. “तुमच्या लोकांना दहा पुरेत.”

“अहो, हे काय कापड आहे का, फाडून द्यायला?” अम्पोन्सा वैतागला.

“मग फुटांवर कशाला मोजता?” डुफीने विचारलं.

झालं! दोन्हीकडच्या लोकांनी शोकाची लाल-काळी वस्त्रं सावरत रांगा लावल्या. कुणी शिंकलं, तर ‘पुन्हा घे.’ कुणाचे डोळे मिटले, तर ‘पुन्हा घे.’ माणसांनी मला फुटांत मोजलं आणि त्यांच्यातच फूट पडली. अम्पोन्सा कसाबसा आतल्या खोलीत, बोआतेनला निजवलं होतं तिथे पोचला. कॅमेरा रोखला, आणि खर्रकन माझं शेपूट सुटलं. मी संपले होते.

पुढे सेरवा बाळाला पाठीशी बांधून माहेरी आली. अंगणात चादर टांगली. मी फिरू लागले. ‘तो बघ मी!’, ‘ही बघ माझी नवी बांगडी!’ नुसता कल्ला. मग चादर पांढरीफटक झाली.

“पुढचं लावा ना,” सेरवा म्हणाली.

अम्पोन्साने मान खाली घातली.

“तुझ्या आईनेच जास्त खाल्लं,” डुफी तावातावाने म्हणाली. “निम्म्याहून जास्त!”

“आत्या,” सेरवाने हळूच विचारलं, “बाबांच्या वाट्याला किती फूट आले?”

डुफी उठली आणि चादर सोडायला लागली. तिला गाठ सुटेना.

त्यानंतर मला कुणीच मागितलं नाही. आता माझ्या अंगाला आंबूस वास येतो, कडा वाकल्यात. मला फेकलंत तरी चालेल. पण बाबांनो, कॅमेरा हातात घेतलात, तर ज्याच्यासाठी जमलात त्याच्याकडे आधी वळा. स्वतःचं तोंड मग दाखवा.